दुकानाचे दफ्तर रास्पबेरी पायवर : झेडएफएस म्हणजे काय आणि ती कशी बसवावी

कापडाची गाठ ट्रान्सपोर्टवरून दुकानात आली की जाणता व्यापारी आधी बिल्टी मागतो. गाठीचा नंबर, वजन, आतल्या ताक्यांची संख्या बिल्टीशी आणि चलनाशी ताडून पाहतो, मगच गाठ फोडतो. गाठीवर शिक्का नीट आहे एवढ्यावर तो समाधान मानत नाही, कारण ज्याने आतला माल बदलला तो वरचा शिक्काही बदलू शकतो. ही खबरदारी आपण कॉम्प्युटरमध्ये ठेवलेल्या हिशेबाच्या बाबतीत मात्र घेत नाही. डिस्कने जे वाचून दिले ते खरे, असे धरून चालतो. डिस्क बंद पडली तर निदान कळते तरी. पण डिस्क चालू आहे, फाइल उघडते आहे आणि आतला एक आकडा गुपचूप बदलला आहे, असेही होते. युरोपातील सर्न या अणुसंशोधन संस्थेने २००७ साली आपल्या साठ्याची तपासणी केली, तेव्हा डिस्कने कोणतीही तक्रार न करता बिघडलेल्या फाइली तिला सापडल्या. एवढ्या मोठ्या संस्थेच्या उत्तम मशिनांवर असे घडते, तर आपल्या धुळीच्या, उकाड्याच्या आणि वारंवार वीज जाणाऱ्या दुकानात का घडणार नाही?

कापूरहोळ हे पुणे-सातारा महामार्गावरचे चौफुलीचे गाव आहे. येथून एक रस्ता भोरला जातो, एक नारायणपूरवरून सासवडला. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातले गिऱ्हाईक लग्नसराईत कापड घेते, काही रोख देते, बाकी भाताच्या सुगीनंतर. म्हणजे दुकानदाराचे निम्मे भांडवल उधारीच्या खात्यात असते आणि ते खाते आता लाल बासनातल्या वहीत नसून कॉम्प्युटरमध्ये आहे. पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते, येते, पुन्हा जाते. अशा ठिकाणी हिशेब सांभाळण्याची स्वस्त आणि मजबूत तजवीज कोणती, हा या लेखाचा विषय आहे.

ही केवळ सोयीची बाब नाही, कायद्याचीही आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याने त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवायचे असतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणून त्या वर्षाचे दफ्तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवे. जो व्यापारी हिशेब कॉम्प्युटरमध्ये ठेवतो त्याच्यासाठी नियम ५७ आहे. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळात त्या पुन्हा उभ्या करता येतील अशी नक्कल त्याने ठेवली पाहिजे, असे तो नियम सांगतो. "डिस्क उडाली साहेब" हे उत्तर तेथे चालत नाही.

झेडएफएस काय करते

डिस्कवर फाइली कोठे ठेवायच्या, त्यांची यादी कशी ठेवायची, जागा कोणती मोकळी, कोणती भरलेली, हे सर्व काम पाहणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. मुनीमजीच म्हणा. विंडोजमध्ये एनटीएफएस, लिनक्समध्ये बहुधा ईएक्सटी-४ हा मुनीम असतो. हे दोघे कामसू आहेत, परंतु तुमच्या फाइलीच्या आतला मजकूर जसा ठेवला तसाच परत आला की नाही हे ते तपासत नाहीत.

झेडएफएस हा अधिक काटेकोर मुनीम. अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत २००१ च्या सुमारास जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आहरेन्स यांनी त्याचे काम सुरू केले. २००५ साली तो खुल्या परवान्याखाली जगाला मिळाला. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि पुढची सुधारणा पुन्हा बंद दाराआड गेली. तेव्हा ज्यांना तो खुला हवा होता त्या मंडळींनी २०१३ मध्ये ओपन-झेडएफएस नावाने काम पुढे चालू ठेवले. लिनक्सवर तो आणण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेला आहे. आज आपण वापरतो तो हाच ओपन-झेडएफएस. त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

याचे पहिले वैशिष्ट्य बिल्टीचे. फाइलीचा प्रत्येक तुकडा डिस्कवर लिहिताना त्या मजकुरावरून एक ताळा काढला जातो. हा ताळा त्या तुकड्याजवळ ठेवत नाहीत. तो तुकडा कोठे आहे हे सांगणाऱ्या वरच्या नोंदीत ठेवतात. त्या वरच्या नोंदीचा ताळा आणखी वरच्या नोंदीत, असे करत थेट शेंड्यापर्यंत. म्हणजे गाठीचे वजन गाठीवर नाही, बिल्टीवर. बिल्टीचा नंबर गाडीच्या यादीवर. आणि यादी पेढीच्या रजिस्टरात. वाचताना दर वेळी ताळा पुन्हा काढून जुळवला जातो. जुळला नाही तर झेडएफएस तो मजकूर खरा म्हणून पुढे करत नाही.

मग करते काय? जर आपण दोन डिस्कांची जोडी लावली असेल, म्हणजे मिरर केला असेल, तर ती दुसऱ्या डिस्कवरची प्रत वाचते, तिचा ताळा पाहते, तो जुळला की तुमच्या हाती ती चांगली प्रत देते आणि पहिल्या डिस्कवरची बिघडलेली जागा तिने दुरुस्त केलेली असते. साध्या मिररमध्ये दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे सांगणारा कोणी नसतो. येथे ताळा पंच म्हणून बसलेला आहे.

दुसरे वैशिष्ट्य वीज जाणाऱ्या गावांसाठी महत्त्वाचे. झेडएफएस जुन्या मजकुरावर नवा मजकूर कधीच लिहीत नाही. चांगला मुनीम खोडरबर वापरत नाही. नवी नोंद नव्या पानावर करतो आणि सर्व लिहून झाल्यावर शेवटी अनुक्रमणिकेतला पान नंबर बदलतो. तसेच हे आहे. मध्येच वीज गेली तर अनुक्रमणिका जुन्या पानाकडे बोट दाखवत राहते. फार तर शेवटच्या काही सेकंदांचे काम जाईल, पण अर्धे जुने अर्धे नवे असे खाते होणार नाही. अर्थात बिलिंगच्या प्रोग्रामने स्वतःच अर्धवट नोंद केली असेल तर त्याला झेडएफएस काय करणार? तो त्या प्रोग्रामचा प्रश्न.

जुने पान पुसले जात नाही यातूनच तिसरी सोय निघते. एका क्षणाला "आजची स्थिती अशीच ठेव" असा हुकूम दिला की त्या वेळची सारी पाने शाबूत राहतात. याला स्नॅपशॉट म्हणतात. तो क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा घेत नाही. पुढे जेवढा मजकूर बदलेल तेवढीच जागा लागते. स्नॅपशॉटमध्ये कोणालाही लिहिता येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांतील फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले होते. असा व्हायरस दुकानाच्या विंडोज कॉम्प्युटरमध्ये शिरला आणि त्याने पायवरच्या सामाईक फोल्डरमधल्या फाइली बिघडवल्या, तरी मागचे स्नॅपशॉट त्याच्या हाताला लागत नाहीत.

छोटे मशिन, मोठा मुनीम

रास्पबेरी पाय हे इंग्लंडमधील केंब्रिजमध्ये तयार झालेले, तळहातावर मावणारे एका पाटीचे कॉम्प्युटर आहे. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावे म्हणून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आणले. २०१९ च्या पाय-४ पासून त्यात वेगवान यूएसबी-३ आणि पूर्ण गिगाबिटचे नेटवर्क आले, म्हणून डिस्का जोडून दफ्तर सांभाळण्याच्या कामाला पाय-४ किंवा २०२३ चा पाय-५ घ्यावा. त्याआधीचे मॉडेल या कामाला घेऊ नये. वीज अगदी कमी खाते, त्यामुळे दुकानाच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालू ठेवले तरी बोजा पडत नाही.

झेडएफएसला ढीगभर मेमरी लागते असा एक समज बाजारात आहे. तो डीडुप्लिकेशन नावाच्या सोयीमुळे पसरला. तीच फाइल दहा वेळा ठेवली तर जागा एकदाच वापरायची, अशी ती सोय. कापड व्यापाऱ्याला मोह होतो, कारण एकाच साडीचा फोटो चार फोल्डरांत असतो. पण ती सोय मेमरी खाते आणि एकदा चालू केली की आधी लिहिलेल्या मजकुरासाठी तो भार पुढेही राहतो. ती चालू करू नये. तिच्याशिवाय ४ जीबी मेमरीचा पाय दुकानाला पुरतो. आठ जीबीचा मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नये.

बिघाडाचे मूळ पुष्कळदा पायमध्ये नसते, वीज आणि डिस्कात असते. पाय-४ च्या चारही यूएसबी तोंडांना मिळून सुमारे १.२ अँपिअर वीज मिळते. सुरू होताना लहान पोर्टेबल हार्ड डिस्क एकटीच १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. दोन लावल्या की एक मध्येच गळते, परत येते, पुन्हा गळते, आणि माणूस झेडएफएसला दोष देतो. पाय-५ ला पाच अँपिअरचा अडॅप्टर दिला तर डिस्कांना १.६ अँपिअर मिळते, कमी ताकदीचा दिला तर ०.६. यावर उपाय सोपा. डिस्कांना स्वतःचा अडॅप्टर असलेली पेटी किंवा वीज असलेला यूएसबी हब घ्यावा. मोबाइलचा चार्जर पायला लावू नये.

डिस्क घेताना एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा : ही सीएमआर आहे की एसएमआर? एसएमआर डिस्कवर मजकुराचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात. साध्या वापरात हे जाणवत नाही, पण एक डिस्क गेल्यावर नव्या डिस्कवर सारा माल चढवताना अशी डिस्क फार रखडते. बहुतेक पोर्टेबल डिस्का एसएमआर असतात. जमल्यास सीएमआर किंवा एसएसडी घ्यावी. दोन्ही डिस्का एकाच दिवशी एकाच गठ्ठ्यातून घेऊ नयेत, असे माझे मत आहे. एका गठ्ठ्यातल्या दोन डिस्का एकाच सुमारास थकण्याचा धोका असतो.

स्वस्त यूएसबी पेट्यांची आणखी एक खोड अशी की काही पेट्या "मजकूर लिहिला" असे खोटेच सांगतात, प्रत्यक्षात तो अजून वाटेत असतो. झेडएफएसची सारी हमी डिस्क खरे बोलते यावर उभी आहे. पेटी नावाजलेल्या मेकची घ्यावी, एवढेच सांगता येते.

बसवण्याची रीत

पुढील हुकूम मशिनवर रोमन लिपीत टाइप करायचे असतात, येथे त्यांचा उच्चार दिला आहे. घरातल्या किंवा ओळखीतल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवले तर एका दुपारचे काम आहे.

रास्पबेरी पाय ओएस ६४-बिटची लाइट आवृत्ती मेमरी कार्डवर लिहावी. ३२-बिट घेऊ नये, झेडएफएसचे तेथे जमत नाही. ही ओएस कार्डवरच राहू द्यावी आणि झेडएफएस फक्त दोन डिस्कांवर असावी. काही हौशी लोक ओएसही झेडएफएसवर चढवतात. दुकानाला त्या उठाठेवीची गरज नाही. कार्ड हे झिजणारे साधन आहे. ते गेले तर नव्या कार्डवर ओएस लिहून डिस्का ओळखून घेता येतात, हिशेब सुरक्षित असतो.

ओएस चालू झाल्यावर अद्ययावत करावी आणि मग आधी कर्नल हेडर्सचे पॅकेज, नंतर 'झेडएफएस-डीकेएमएस' आणि 'झेडएफएस-युटिल्स-लिनक्स' ही दोन पॅकेजे घ्यावीत. क्रम महत्त्वाचा आहे. झेडएफएसचा परवाना आणि लिनक्सचा परवाना एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ती कर्नलमध्ये तयार मिळत नाही. तुमच्या मशिनवरच शिवावी लागते. हेडर्स म्हणजे मापाची चिठ्ठी. माप नसेल तर शिलाई होणार कशी? पाय-५ चे कर्नल वेगळे असते, त्याचे हेडर्सही वेगळे, नावाच्या शेवटी २७१२ असलेले. ही शिलाई चालू असताना मशिन बराच वेळ गप्प राहते. घाबरून बंद करू नये. परवान्याबद्दल एक सूचना पडद्यावर येते, ती वाचून पुढे जावे.

याच कारणाने पुढे कधी कर्नलची नवी आवृत्ती आली आणि झेडएफएस तिच्या मापाची अजून झाली नसली, तर रीबूटनंतर डिस्का दिसत नाहीत. मजकूर कोठेही गेलेला नसतो. पण मार्च अखेरीस किंवा लग्नसराईच्या तोंडावर अपडेट करू नये. मोकळ्या दिवसात करावे.

आता डिस्का. लिनक्स त्यांना एसडीए, एसडीबी अशी नावे देते, पण ती नावे तोंड बदलले की बदलतात. म्हणून 'डिस्क बाय-आयडी' या फोल्डरमधली, कंपनी आणि सिरियल नंबर असलेली लांब नावे वापरावीत. काही स्वस्त पेट्या दोन्ही डिस्कांचा एकच सिरियल नंबर सांगतात, ते आधीच तपासावे. डिस्कांवर काही जुना मजकूर असेल तर तो पुसला जाणार आहे हे ध्यानात ठेवून पूल तयार करावा. हुकूम 'झेडपूल क्रिएट', पुढे पर्याय, पुढे पुलाचे नाव (समजा 'वही'), पुढे 'मिरर' हा शब्द आणि शेवटी दोन्ही डिस्कांची लांब नावे. 'मिरर' हा शब्द राहिला तर दोन डिस्का जोडून एक मोठी डिस्क होते आणि एक गेली की दोन्हींचा माल जातो. टाइप केल्यावर एंटर दाबण्यापूर्वी तो शब्द डोळ्यांनी पाहावा.

पर्यायांमध्ये चार गोष्टी सांगाव्यात. 'ॲशिफ्ट' बारा. हल्लीच्या डिस्का ४०९६ बाइटच्या मापाने लिहितात आणि दोनचा बारावा घात ४०९६ होतो. बऱ्याच डिस्का जुन्या सवयीने ५१२ असे खोटे माप सांगतात, आणि एकदा ठरलेला आकडा पुढे बदलत नाही, म्हणून तो आपणच सांगायचा. 'कॉम्प्रेशन' एलझेड-४. हिशेबाच्या फाइली चांगल्या दाबल्या जातात, फोटो मुळात दाबलेलेच असतात म्हणून त्यांत फरक पडत नाही, पण तोटाही होत नाही. 'ए-टाइम' ऑफ, म्हणजे फाइल नुसती वाचली तर डिस्कवर लिहिणे होणार नाही.

चौथा पर्याय इंग्रजी पुस्तके घाईत सांगतात, आपल्याला मात्र तो खास उपयोगाचा आहे. त्याचे नाव 'नॉर्मलायझेशन', किंमत 'फॉर्म-डी'. आपण खात्यांच्या फाइलींना मराठीत किंवा उर्दूत नावे देतो. 'गिऱ्हाईक' शब्दातला ऱ हा एका अक्षराने लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन खुणांनी. उर्दूतला आ एक अक्षर म्हणून येतो किंवा अलिफ आणि मद् वेगवेगळे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. एकाने मोबाइलवरून आणि दुसऱ्याने कीबोर्डवरून टाइप केले की एकाच गिऱ्हाइकाच्या दोन फाइली होतात, अर्धी उधारी एकीत, अर्धी दुसरीत. हा पर्याय असला की झेडएफएस दोन्ही नावे एकच धरते. तो सुरुवातीलाच द्यावा लागतो, नंतर देता येत नाही. उर्दूची ये आणि अरबीची ये मात्र कॉम्प्युटरच्या लेखी वेगळी अक्षरेच आहेत, त्यांना हा पर्याय एक करत नाही. तेथे सर्वांनी एकच कीबोर्ड वापरणे हाच इलाज.

मग 'झेडएफएस क्रिएट' या हुकमाने पुलात वेगळे कप्पे करावेत. एक हिशेबाचा, एक डिझाइन आणि फोटोंचा, एक जुन्या वर्षांच्या दफ्तराचा. कप्पे वेगळे असले की हिशेबाचे स्नॅपशॉट दर तासाला आणि फोटोंचे रोज एकदा, असे ठरवता येते. मेमरीवर लगाम घालायचा तर झेडएफएसच्या मॉड्यूलच्या कॉन्फ फाइलीत 'झेडएफएस-आर्क-मॅक्स' ला १०७३७४१८२४ ही संख्या द्यावी, म्हणजे ती साठवणुकीसाठी १ जीबीच्या वर मेमरी घेणार नाही. फाइली कुलूपबंद ठेवण्याची सोयही झेडएफएसमध्ये २०१९ पासून आहे. पण पाय-४ च्या चिपमध्ये त्या कामाचे खास यंत्र नाही, त्यामुळे वेग मार खातो. पाय-५ मध्ये ते आहे.

दुकानाच्या विंडोज कॉम्प्युटरला हे कप्पे सांबा नावाच्या प्रोग्रामने दाखवता येतात. रात्री दुकान वाढवताना बिलिंगच्या प्रोग्राममधून बॅकअप काढून तो थेट या फोल्डरमध्ये टाकायचा. सांबामध्ये 'शॅडो कॉपी' नावाची जोडणी आहे, ती बसवली की फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स' मध्ये मागचे स्नॅपशॉट दिसतात. कालची फाइल परत हवी असली तर दुकानातला पोरगासुद्धा काढू शकतो.

देखरेख आणि दुसरी नक्कल

स्नॅपशॉट आपोआप काढण्यासाठी सॅनॉइड हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. तासाचे २४, रोजचे ३०, आणि हिशेबाच्या कप्प्यासाठी महिन्याचे ८४ ठेवावेत. ७२ महिन्यांची मुदत वार्षिक विवरणपत्राच्या तारखेपासून मोजतात, वर्ष संपल्यापासून नव्हे, म्हणून आकडा थोडा सैल धरला आहे. तुमच्या सीएला विचारून घट्ट करा. पूल ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये, त्यापुढे काम मंदावते.

येथे एक बारीक गोष्ट. पाय-४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेट मिळाले की तो वेळ जुळवतो. वीज गेली, परत आली आणि इंटरनेट आले नाही, तर तो जुन्याच तारखेने काम करत बसतो आणि स्नॅपशॉटवर चुकीची तारीख पडते. घड्याळाची छोटी चकती-बॅटरीची पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते, ती लावावी. पाय-५ मध्ये घड्याळ आहे, बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

ताळा वाचताना तपासला जातो हे वर सांगितले. पण तीन वर्षांपूर्वीचे बिल कोण वाचतो? म्हणून 'झेडपूल स्क्रब' हा हुकूम आहे. तो सारा माल स्वतःहून वाचून ताळे जुळवतो, गोदामातल्या स्टॉक मोजणीसारखा. डेबियन आणि रास्पबेरी पाय ओएसमध्ये ही मोजणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री १२ वाजून २४ मिनिटांनी आपोआप सुरू होण्याची व्यवस्था झेडएफएसबरोबरच येते. अडचण अशी की आपण बचतीच्या सवयीने दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढतो. मग त्या रात्री पाय बंद असतो आणि मोजणी वर्षानुवर्षे होतच नाही. एकतर पाय रात्री चालू ठेवावा, नाहीतर मोजणीची वेळ दुपारची करून घ्यावी. महिन्यातून एकदा 'झेडपूल स्टेटस' टाइप करून शेवटची मोजणी कोणत्या तारखेला झाली आणि चुका किती, हे स्वतः पाहावे.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे जितक्या वेळा सांगावे तितके थोडे. दोन्ही डिस्का एकाच पेटीत, एकाच दुकानात असतात. १२ जुलै १९६१ रोजी आपल्या वेल्हे भागातले पानशेत धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या; वही एका कपाटात होती की दोन, याने त्या दिवशी फरक पडला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी इचलकरंजीत शिरले, जेथून आपल्यापैकी अनेकांचा माल येतो. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आपल्याच महामार्गावरच्या खेड-शिवापूरला पुराने माणसे वाहून नेली. म्हणून एक प्रत दुकानाबाहेर, शक्यतो गावाबाहेर हवी.

त्यासाठी 'झेडएफएस सेंड' आणि 'झेडएफएस रिसीव्ह' हे दोन हुकूम आहेत. तिसऱ्या डिस्कवर एकच एक वेगळा पूल करावा. पहिल्यांदा सारा मजकूर जातो. पुढच्या वेळी मागचा स्नॅपशॉट आणि आजचा स्नॅपशॉट यांतला फरकच जातो, तोही ताळ्यांसह. दर आठवड्याला ही डिस्क दुकानात आणून फरक भरावा आणि घरी न्यावी. दोन ठिकाणी पाय असतील, समजा कापूरहोळला एक आणि पुण्यात भावाकडे एक, तर रोज रात्री इंटरनेटवरून हा फरक पाठवता येतो. दिवसभराच्या बिलांचा फरक मोठा नसतो. वर्षातून एकदा या तिसऱ्या डिस्कवरून एखाद्या जुन्या महिन्याचे खाते प्रत्यक्ष उघडून पाहावे.

ज्यांना कर्नल, हेडर्स, शिलाई हा प्रकार नको वाटतो त्यांच्यासाठी बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम आहे. ती २००९ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच असते, तिच्यातही ताळे आणि स्नॅपशॉट आहेत, आणि दोन डिस्कांच्या जोडीसाठी ती चालते. तीन-चार डिस्कांच्या पॅरिटीच्या रचनेत मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये. माझा कौल झेडएफएसला आहे, पण न बसवलेल्या झेडएफएसपेक्षा बसवलेली बीटीआरएफएस केव्हाही बरी.

कधी ना कधी एक डिस्क जाईल. त्या दिवशी 'झेडपूल स्टेटस' मध्ये 'डीग्रेडेड' असा शब्द दिसेल. काम थांबवण्याचे कारण नाही, दुसऱ्या डिस्कवर दुकान चालू राहते. कोणती डिस्क गेली हे सिरियल नंबरवरून ओळखावे. पेटीवर आधीच नंबराची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर चांगली डिस्क भलत्या वेळी ओढली जात नाही. नवी डिस्क जोडून 'झेडपूल रिप्लेस', पुढे पुलाचे नाव, जुन्या डिस्कचे नाव आणि नव्याचे नाव. मग मशिन आपोआप माल चढवू लागते, तोही भरलेल्या जागेपुरताच, रिकामी डिस्क चाळत बसत नाही. पायच जळाला असेल तर दोन्ही डिस्का दुसऱ्या पायला किंवा कोणत्याही लिनक्स मशिनला लावून 'झेडपूल इम्पोर्ट' म्हणावे. पूल आधी दुसऱ्या मशिनचा होता अशी हरकत ते घेईल, तेव्हा जोराची खूण म्हणून 'एफ' लावून पुन्हा हुकूम द्यावा. सर्व ओळींपुढे 'ऑनलाइन' आले की जुनी डिस्क काढावी. ती भंगारवाल्याला जशीच्या तशी देऊ नये, कारण पुष्कळदा बंद पडलेल्या डिस्कवरचा मजकूरही वाचता येतो आणि त्यात तुमच्या गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल नंबर आणि उधारी आहे. आतल्या तबकड्या हातोड्याने फोडून मगच द्यावी.